एका पोशाखातल्या आठ जणी

धाकटीची साठी जवळ आली, तरी कापायच्या टेबलावर चहाचा कप ठेवू नये एवढं तिला कळत नव्हतं. नुसता ठेवला असता तर एक वेळ चाललं असतं. पण ती बोलता बोलता कप गोल फिरवायची, आणि तिचं बोलणं संपेपर्यंत कुणाच्या तरी कोटाच्या अस्तरावर डाग उमटलेला असायचा. मग "अगं बाई" म्हणून स्वतःचाच रुमाल काढायची आणि तो डाग चांगला वीतभर पसरवून ठेवायची. मोठीबाई हे चाळीस वर्षं बघत आली होती. या चाळीस वर्षांत तिनं गिऱ्हाइकांना दारातून हाकललं, कापडवाल्यांना रडवलं, नवरा होता तोवर त्याला टेबलापासून चार हात लांब उभं राहून चहा प्यायला लावला. धाकटीचा कप मात्र तिनं दर वेळी आपल्याच हातानं उचलून खिडकीत ठेवला होता.

आजही ठेवला. खाली कोट नव्हता, लग्नाचा पोशाख होता.

धाकटीनं तो पिशवीतून काढून टेबलावर टाकला होता, बाजारातून आणलेली पालेभाजी टाकावी तसा. म्हणे, जुना झाला, आता याचं काही काम नाही, कापून टाक. उशांचे अभ्रे होतील. आणि आत्ताच कर, मी इथं बसते. मोठीबाईनं विचारलं, रेशमाचे अभ्रे कोण घालतं, तुझी उशी कुठल्या राणीची लागून गेली? तर म्हणाली, मग चिंध्या कर ताई, पण कर.

"आणि परवा जी मुलगी पाठवणार आहेस, तिला काय घालणार?"

"तयार घेतलाय. दुकानात टांगलेले मिळतात आता, मापाचीसुद्धा कटकट नाही."

एरवी 'तयार' हा शब्द या खोलीत उच्चारणाऱ्याची मोठीबाईपुढं धडगत नसायची. आज तिनं नुसता चष्मा पुसला. धाकटीला वाटलं, ताई थकली. ताई थकली नव्हती. काल दुपारी याच खुर्चीत एक वकिलीणबाई बसून गेली होती.

तो पोशाख बारा वर्षांपूर्वी याच टेबलावर कापला गेला. तेव्हा खोलीत सहा पायमशीनी होत्या. रस्त्याकडच्या दोन्ही खिडक्या उघड्या असायच्या आणि सहाही मशीनी एकदम चालायला लागल्या की समोरचा घड्याळवाला कानात कापूस घालून बसायचा. शिवणाऱ्या मुली गिऱ्हाइकांना त्यांच्या मापांवरून ओळखायच्या. दारातून बाई आत आली की कोपऱ्यातून कुजबुज व्हायची, बेचाळीस कंबर आली गं, आणि सगळ्या माना खाली घालून हसायच्या. दुपारी दोनला डबे उघडायचे. कुणाच्या डब्यात काय आहे हे मोठीबाई वासावरून सांगायची आणि एक एक घास प्रत्येकीचा घ्यायची, चव बघते म्हणून. खरं तर कुणी उपाशी आलंय का ते बघायची. मुलींनाही ते ठाऊक होतं. कुणी बोलून दाखवलं नाही, कारण दाखवलं असतं तर मोठीबाईनं तिला सोलून काढलं असतं.

आता दोनच मशीनी उरल्या होत्या. त्यांतल्या एकीवर फुलदाणी होती.

धाकटीनं तेव्हा लग्नं जमवायला नुकती सुरुवात केली होती. परदेशात गेलेले पुरुष, त्यांना मुली मिळत नाहीत; आणि इथं घरोघरी मुली, त्यांना कुणी विचारत नाही. पहिलं लग्न जमवलं ते खरोखर चांगलं निघालं. ती मुलगी अजूनही दोन लेकरांसकट फोटो पाठवते. त्याच मुलीकडे लग्नाला घालायला काही नव्हतं, म्हणून धाकटीनं हे मोतिया रंगाचं रेशीम आणलं आणि म्हणाली, ताई, असा शिव की पुढच्या गरीब पोरीलाही होईल. मोठीबाईला ते फार भावलं. तिनं शिवणीच्या आत चांगली चार बोटं माया सोडली. माया म्हणजे आतलं जादा कापड. ते असलं की पोशाख हवा तेव्हा सैल करता येतो. पोशाख एक, आणि त्यात कितीही नवऱ्यामुली नटवता येतील, ही करामत त्या गावात दुसऱ्या कुणाला जमली नसती, असं ती स्वतःच चारचौघांत सांगायची.

मग पोशाख येत राहिला. तीन वर्षांनी, दोन वर्षांनी, मग वर्ष-वर्षानं. दर वेळी एक नवी मुलगी स्टुलावर उभी राहायची. मोठीबाई टेप लावायची, जुनी शिवण उसवायची, नवी घालायची. शिलाई घेत नव्हती. पुण्याचं काम म्हणून करायची. आणि मिरवायची, हे तर विचारूच नका.

तिची एक सवय होती, दुसऱ्या कुठल्या शिवणारणीला नसेल अशी. जुनी शिवण उसवली तरी ती जागा ती पुसू द्यायची नाही. तिथं आतून कच्चा टाका घालून ठेवायची, रंगीत दोऱ्याचा, म्हणजे पुढं कधी पोशाख पुन्हा त्याच बाईच्या मापावर न्यायचा झाला तर शोधत बसायला नको. आणि प्रत्येक बाईचा रंग निराळा. दोन इयत्ता शिकलेली ती. आकडे वाचायची, अक्षरं जुळवता जुळवता तिला झोप यायची. नावं लिहून ठेवणं तिच्यानं होणारं नव्हतं. रंग ठेवणं होतं. धाकटी याच खोलीत वाढली, पण तिनं आयुष्यात कपडा उलटा करून पाहिला नव्हता.

सातवी मुलगी परकी नव्हती. ती होती डावरी.

डावरी या खोलीत सोळाव्या वर्षी आली, काजं करायला. डाव्या हातानं सुई धरायची, म्हणून डावरी. मोठीबाईनं पहिल्या दिवशी तिच्या हातावर पट्टी मारली होती, दुसऱ्या दिवशी तिचं काज बघितलं आणि पट्टी खिडकीतून खाली फेकून दिली. इतकी नेटकी काजं तिनं स्वतःसुद्धा कधी केली नव्हती. पोरगी हसायला लागली की थांबायची नाही. हसता हसता तिला उचकी लागायची आणि मग उचकीवर बाकीच्या हसायच्या. काम कमी झालं, एक एक मशीन विकली गेली, एक एक मुलगी गेली, तरी डावरी राहिली होती. सातव्या खेपेला धाकटी म्हणाली, हिचंच का करू नये? आई नाही, बाप असून नसल्यासारखा. मोठीबाईनं त्या रात्री देवापुढं हात जोडले होते की पोरीचं भलं होतंय.

आपल्या पोशाखाच्या घेराची दुमड डावरीनं स्वतःच घातली. दुपारभर खिडकीत बसून घालत होती. मधेच सुई थांबवून तिनं विचारलं होतं, मोठीबाई, तिथून परत यायचं झालं तर कसं येतात हो?

आणि मोठीबाईनं तिला झाडलं होतं, अजून गेली नाहीस आणि परत यायच्या गोष्टी? तोंड बंद ठेव आणि टाके जवळ घाल.

काल वकिलीणबाई आली ती जिना चढून धापा टाकत, हातात फाइल घेऊन. "मावशी" म्हणाली. मोठीबाईनं तिला सांगितलं की तिला भाचीबिची कुणी नाही, काम असेल तर बोल. ती बिचारी बोलली. डावरी तिकडं एका आश्रयाच्या घरात होती. तिचा नवरा म्हणजे नुसती कागदावरची सही. तो म्हातारा तिनं दोनदाच पाहिला. तिला नेलं ते एका धुलाईखान्यात. हॉटेलांच्या चादरी, सकाळी पाचपासून. पासपोर्ट मालकाच्या कपाटात. दीड वर्षानं ती मागच्या दारानं चादरींच्या गाडीत बसून निघून गेली.

"मग सुटली ना?" मोठीबाईनं विचारलं होतं.

सुटली नव्हती. वकिलीणबाईनं तिला समजेल असं सांगितलं. तिथं राहायचा डावरीचा परवाना नवऱ्याच्या सहीवर लोंबकळत होता. नवऱ्यानं अर्ज केला की बायको पळाली, लग्न खोटं होतं. त्यामुळं आता तिथल्या सरकारपुढं दोनच गोष्टी होत्या. एक तर डावरीला फसवून विकलं गेलं. किंवा डावरीनंच खोटं लग्न लावून त्या देशात घुसखोरी केली. पहिलं ठरलं तर तिला आसरा मिळणार. दुसरं ठरलं तर तीच गुन्हेगार, आधी तुरुंग आणि मग परत पाठवणी, त्याच बापाच्या दारात.

मोठीबाई म्हणाली, पण ती तर आपल्या मर्जीनं गेली, अधिकाऱ्यासमोर सही करून गेली, मीच तिला सही गिरवायला शिकवली. तेव्हा वकिलीणबाईनं फाइल मिटली आणि सांगितलं की बऱ्याच देशांनी मिळून यावर एक करार केलाय. त्यात लिहिलंय की फसवून घेतलेली मर्जी ही मर्जी धरायची नाही. मुलगी हसत गेली असली, सही करून गेली असली, तरी नाही. फक्त फसवणूक दाखवावी लागते. आणि मोठीबाईच्या बहिणीनं तर चौकशीत लिहून दिलं होतं की तिनं जन्मात एकच लग्न जमवलं, तेही मुलगी घरची म्हणून, आपुलकीनं.

"एक लग्न म्हणजे वाईट निघालेलं लग्न, मावशी. सात म्हणजे धंदा. ती मुलगी म्हणते, माझ्या आधी सहा जणी याच पोशाखात गेल्या, मोठीबाईंना माहीत आहे. खरं का?"

मोठीबाईनं खरं सांगितलं नाही. म्हणाली, मी कपडे शिवते, माणसं मोजत नाही. उठून जिन्याचं दार उघडलं. वकिलीणबाई उठता उठता एवढंच म्हणाली की डावरीनं तो पोशाख मागितला होता, घेर मी घातलाय म्हणून. पण फोटोवाल्याकडंच तो अंगावरून उतरवून घेतला. लग्न असं काही झालंच नाही. फोटो आणि सही, बस्स. मग कार्ड ठेवून गेली. कार्डावरचा नंबर मोठीबाईनं रात्रभरात पाठ केला. आकडे तिला वाचता येत होते.

डावरी गेल्यावर पंधरा दिवसांत पोशाख परत आला होता, आठवीसाठी. घेर उलटा केला तेव्हा तिरके डावे टाके दिसले होते आणि मोठीबाई त्यावरून बोटं फिरवत बसली होती. तेव्हा वाटलं होतं, किती चांगल्या मनाची पोर, आपला पोशाख दुसरीला दिला. आपण आपल्या डोळ्यांवर किती छान कातडं ओढून घेतलं होतं, हे आठवून तिला आता स्वतःचीच शिसारी आली.

धाकटी चुळबुळ करत होती. कात्री कुठंय, मी देते, म्हणाली. मोठीबाईनं कात्री घेतली नाही. तिनं पोशाख उलटा केला, बाह्या आतून बाहेर काढल्या आणि कंबरेची शिवण खिडकीच्या उजेडात धरली.

"ये इकडं. बस. बघ हे."

"काय बघू? दोरे आहेत."

मोठीबाई सांगत गेली. हा निळा, पहिली. तिचा उजवा खांदा उतरलेला होता, लहानपणापासून पाणी वाहून. हा हिरवा, दुसरी. टेप लावली की तिला गुदगुल्या व्हायच्या. तांबडीला कंबरच नव्हती, फासळ्याच होत्या; मोठीबाईनं मुद्दाम एक बोट सैल ठेवलं होतं, तिकडं जाऊन भरेल म्हणून. पिवळी चौदापंधराची वाटली होती, तिला विचारलं तर धाकटीनंच पुढं होऊन उत्तर दिलं होतं, अठरा पूर्ण. जांभळी एक शब्द बोलली नाही. करडीला बूट मापाचे मिळाले नव्हते. मग हा काळा.

"हिला काळा का?" धाकटीनं न राहवून विचारलं.

"तिनंच निवडला. म्हणाली, मोतिया रेशमावर उठून दिसतो." मोठीबाईनं बोट पुढच्या टाक्यावर नेलं. "गुलाबी आठवी. कुठंय ती आता? आणि निळी सोडून बाकीच्या सगळ्या कुठं आहेत गं?"

धाकटीनं खूप काही सांगितलं. आधी म्हणाली, सगळ्या सुखात आहेत. मग म्हणाली, तिकडचं तिकडचे लोक बघतात, मी फक्त ओळख करून देते. मग डोळ्याला रुमाल लावला आणि म्हणाली, मी काय त्यांना विहिरीत ढकललं? इथं राहून तरी त्यांचं काय होणार होतं? तुझ्यासारखं कमरेत वाकून आयुष्यभर सुईत दोरा ओवायचा? आणि शेवटी तिनं पोटातलं काढलं. म्हणाली, तू मला लहानपणी कधी नवं नेसवलंस? तुझे जुने झगे आखूड करून घातलेस. मला तेव्हाच कळलं, या खोलीत राहणाऱ्याला दुसऱ्याचंच उतरलेलं मिळतं.

हे मोठीबाईला लागलं. कारण खोटं नव्हतं. आई गेली तेव्हा ती चौदाची आणि धाकटी चारची. धाकटीला चिंध्यांच्या टोपलीत बसवून ती मशीन चालवायची. सातव्या वर्षी धाकटीनं दोन दिवस जेवण सोडलं होतं, मला आधी कुणीच न घातलेला झगा हवा म्हणून. मोठीबाईनं गिऱ्हाइकांच्या उरलेल्या तुकड्यांचा एक शिवला, तुकडा जोडून तुकडा, पण कुणीच न घातलेला. माप घेताना पोर स्टुलावर अशी गरगर फिरली होती की टेप तिच्याभोवती गुंडाळली गेली आणि दोघी हसून हसून जमिनीवर बसल्या. तो झगा धाकटीनं अंगाला होईना तरी सोडला नाही. झोपताना उशाशी घ्यायची. सगळ्या आयुष्यात मोठीबाईनं काय काय शिवलं, पण त्या झग्यासारखं काही शिवलं नाही, असं तिला आजही वाटायचं. त्या वेळची धाकटी तिला समोरच्या केस रंगवलेल्या, पर्स मांडीवर घट्ट धरलेल्या बाईत शोधूनही सापडेना. आणि मग एकदम सापडली, खालच्या ओठात. अपराध केला की तो ओठ असाच आत जायचा.

समोरच्या घड्याळवाल्यानं शटर अर्धं खाली ओढलं.

"ताई," धाकटी हलकेच म्हणाली, "ती वकिलीण आली होती ना तुझ्याकडं? काय सांगितलंस?"

"काही नाही सांगितलं."

धाकटीचा जीव भांड्यात पडला. तिनं मोठीबाईच्या हातावर हात ठेवला. म्हणाली, मला ठाऊक होतं, तू मला टाकणार नाहीस. हा कापून टाक, म्हणजे विषय संपला. आणि तुझंही नाव त्यात येईल, ते विसरू नको; टाके तुझ्या हातचे आहेत. पोलीस विचारतील, आठ वेळा शिवलंस आणि एकदाही विचारलं नाहीस?

"विचारतीलच. मीच विचारतेय मला कालपासून."

तिनं धाकटीचा हात बाजूला केला. मग पोशाखाच्या बाह्या सरळ केल्या, घेर जुळवला, लहान मुलाच्या अंगावरचं पांघरूण नीट करावं तशी एकेक घडी घातली, आणि तो जुन्या चादरीत बांधला. गाठ पक्की मारली. धाकटी उठून उभी राहिली, तिचा हात गाठोड्याकडं गेला, तशी मोठीबाईनं त्यावर आपली कोपरं टेकली आणि तिच्याकडं वर बघत सांगितलं:

"कापणार नाही. उद्या सकाळी मी हा घेऊन त्या बाईच्या कचेरीत जाणार. कोर्टात उभं केलं तर उभी राहणार. पहिल्यांदा सांगणार, ही माझी बहीण, आई गेल्यावर मीच वाढवली, ती जी काही झाली त्यात माझाही हात आहे. मग सांगणार, टाके माझे. मग एकेक रंग दाखवणार आणि म्हणणार, ह्या आठ पोरी, मला नावं सांगता यायची नाहीत, पण कुणाचा खांदा कसा होता ते विचारा. तुला शिक्षा होईल. मला झाली तर मीही भोगीन, तुझ्या शेजारी बसून. नाही झाली तर डबा आणीन तुला, तुरुंगात काय देतात कुणास ठाऊक. पण डावरीला चोर ठरवून तुला घरात ठेवायची, एवढी काही तू माझी लाडकी नाहीस, धाकटे. आता ती परवाची मुलगी कुठं उतरवली आहेस ते सांग. तिला तिच्या घरी पोचवायची आहे, आणि तू माझ्याबरोबर येणार आहेस."